नवजात शिशूंमधील गंभीर गुंतागुंत व मातेचे जोखीमघटक (सातारा–सांगली)

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळाच्या जिवावर बेतणारे विकार. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग ही त्यांची तीन मोठी कारणे. ३३ आठवड्यांपूर्वीचा जन्म, १,७५० ग्रॅमहून कमी वजन किंवा पाचव्या मिनिटाला बाळाची स्थिती मोजणारे ॲपगार गुण ७ पेक्षा कमी असतील, तर बाळ मरणाच्या दारात होते असे अभ्यासक मानतात. अशी बाळे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, तर सांगलीत मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या वसंतदादा पाटील रुग्णालयात येतात. त्यांच्या मातांच्या नोंदींत रक्तक्षय, गरोदरपणातला रक्तदाब, मधुमेह, कोवळे वय, जुळे, मुदतीआधी फुटलेली पाणमोट ही कारणे शोधली जातात. मात्र जोखीम हा आईचा दोष नव्हे. ती आगाऊ मिळालेली सूचना आहे आणि तिची किंमत हाती उरलेल्या वेळावर ठरते. सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसे पिकवण्यासाठी आईला डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची मात्रा बारा-बारा तासांनी चार वेळा टोचतात. पहिली मात्रा देऊनच पुढे पाठवण्याची मुभा आरोग्यसेविकेलाही आहे. इंजेक्शन स्वस्त आहे, पण त्याचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. बाळंत होण्याच्या तासभर आधी आई पोहोचली, तर तोच उपाय जवळजवळ वाया जातो.

हा वेळ कुठे जातो, ते गळीत हंगामात स्पष्ट दिसते. दिवाळीच्या आसपास बीडकडून निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कराड, वाळवा, पलूसच्या फडांत कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकतात. पहाटे कोयता हाती घेणारी गरोदर बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एक दिवस तपासणीला जायचे, तर खाडा पडतो आणि आधीच घेतलेली उचल फिटायची लांबते. तिचे माता-बाल कार्ड गावी राहिलेले असले, तर हिमोग्लोबिन किती होते, मागचे बाळंतपण सिझेरियनने झाले का, हे इथल्या डॉक्टरांना तिच्या तोंडूनच कळते, तेही कळा चालू असताना. रक्तदाबाने वारेतला रक्तपुरवठा आटत असतो आणि बाळाची वाढ खुंटते; डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे मात्र उन्हाच्या नावावर खपून जाते. अशा बाईला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. तपासणी फडापर्यंत गेली पाहिजे, आणि जिथे ती गेली तिथे टोळीच्या मुकादमाने तो दिवस खाडा धरू नये.

जोखमीच्या सगळ्या मातांना आधीच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले की प्रश्न मिटेल, असे कुणी म्हणेल. ते अपुरे आहे. कार्डावर एकही खूण नसलेल्या बाईचे बाळही गुदमरू शकते. दहा बाळांपैकी साधारण एकाला पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते, आणि ती पहिल्या मिनिटात लागते: कोरडे पुसणे, मान नीट ठेवणे, गरज पडल्यास पिशवी-मुखवट्याने हवा देणे. ते मिनिट पाटण किंवा जतहून निघालेल्या रुग्णवाहिकेत सापडत नाही, ते जवळच्या बाळंत खोलीतच असते. राज्याचा नवजात मृत्युदर २०२० मध्ये हजारी ११ होता, मग चिंता कशाला, हा दुसरा आक्षेप. सरासरीत कोपीतले बाळ वेगळे दिसत नाही. शिवाय वाचलेल्या बाळांपैकी काहींना गुदमरण्याने आलेले अपंगत्व त्या आकड्यात येतच नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात मृत्यू जास्त दिसतात, कारण अत्यवस्थ बाळे आणि माता शेवटी तिथेच येतात. म्हणून तिथल्या प्रत्येक मृत्यूच्या नोंदीत निदानाच्या शेजारी आणखी दोन वेळा लिहिल्या जाव्यात: आईला पहिले लक्षण जाणवले ती, आणि ती दारात पोहोचली ती.