काळ्या पाषाणाची कुळकथा



सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे मोहोळ तालुक्यांत चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. तेथें पाया खणतांना प्रथम माती, मग मुरूम आणि शेवटीं पहारीलाही दाद न देणारा काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. मग साहजिकच प्रश्न उठतो कीं, ज्या पर्वतानें हा रस ओकला तो कोठें आहे?

असा पर्वत आपल्याकडे शोधूनही सांपडावयाचा नाहीं. येथील लाव्हा मुख्यतः भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला व पुराच्या पाण्याप्रमाणें पसरत गेला. एक थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, असें सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं घडलें. आणि यांतील बहुतेक लाव्हा सुमारें १० लक्ष वर्षांच्या अवधींत बाहेर पडला. आजही या खडकानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे. थरांच्या कडा झिजून डोंगरांना पायऱ्यांचें रूप आलें, म्हणून जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून यास ‘ट्रॅप’ असें नांव पडलें. पूर्वेकडे हे थर पातळ होत जातात. कोयनेच्या बाजूस घेतलेल्या विंधनांत त्यांची जाडी सुमारें ९३३ मीटर भरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या विंधनांत ती ३३८ मीटरच निघाली.

मग तो अग्नि विझला काय? बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मतें विझला नाहीं. दिव्याच्या ज्योतीवरून कागद हळूहळू सरकवावा म्हणजे त्यावर काजळीची रेघ उमटते. तद्वत् पृथ्वीच्या पोटांतील एका धगीवरून आपला भूखंड उत्तरेकडे सरकला, आणि मागें लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी रांग राहिली. आज ती धग हिंदी महासागरांतील रेयुनियाँ या लहानशा फ्रेंच बेटाखालीं आहे. बेट अवघें २,५०० चौरस किलोमीटरांचें. त्यावरील ३,०७० मीटर उंचीचा जुना ज्वालामुखी निद्रिस्त आहे. परंतु शेजारचा, ज्याच्या नांवाचा अर्थच ‘भट्टीचें शिखर’ असा होतो, तो सतराव्या शतकापासून १५० हून अधिक वेळां पेटल्याची नोंद आहे. एप्रिल २००७ मध्यें तर त्याच्या मुखाचा तळ ३०० मीटरांहून अधिक खचला. अंदमानांतील बॅरन बेटही १७८७ मध्यें पेटलेलें पाहिलें गेलें आणि दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्यें पुनः जागें झालें. पण त्याचें कूळ निराळें. तेथें एक भूपट्ट दुसऱ्याखालीं शिरतो, त्यामुळें तो अग्नि उत्पन्न होतो.

ही कुळकथा केवळ जिज्ञासेपुरती नाहीं. सोलापुरासारख्या अवर्षणाच्या मुलुखांत विहिरीचें भाग्य याच थरांनीं ठरविलेलें आहे. लाव्हा थिजतांना त्यांतील वायु वर चढला. म्हणून थराचा माथा सच्छिद्र, तर पोट घट्ट राहिलें. घट्ट पाषाणांत पाणी मुरत नाहीं. तें भेगांत आणि सच्छिद्र माथ्यांत सांठतें. एका विहिरीस पाणी असावें आणि शंभर पावलांवरची कोरडी निघावी, याचें कारण हेंच. हा सांठा थोडा, आणि तो बव्हंशीं त्या त्या वर्षाच्या पावसानें भरावयाचा. विंधन अधिक खोल नेलें म्हणजे पाणी लागेलच, असा भरंवसा हा खडक देत नाहीं.

शिवाय, भेगा कोणाच्या कुंपणास मानीत नाहींत. कारखान्याची कूपनलिका व शेतकऱ्याची विहीर एकाच भेगेवर असूं शकेल. वाळूंतून जातांना पाणी गाळलें तरी जातें. खडकाच्या भेगेंतून सांडपाणी जसेंच्या तसें दुसऱ्याच्या पोहऱ्यांत येतें. म्हणून उद्योग वाढावेत, परंतु पावसाचें पाणी जमिनींत मुरविणें आणि घाण पाणी जमिनींत न सोडणें, हीं दोन कामें पायाभरणीइतकींच अगोदरचीं समजलीं पाहिजेत. लाव्हाचा पूर पुनः येण्याचें भय येथें उरलेलें नाहीं. त्यानें मागें ठेविलेली पाण्याची ठेव मात्र आपल्या हातून जाऊं शकते.