फूल की दोन पानं?

गालातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर सासष्टीचा एक मित्र बसतो. शुक्रवारी तो गालातल्याच चर्चमध्ये जातो, मी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला. अधूनमधून दोन्ही घरं एकत्र जेवतात. अशाच एका जेवणावर कळलं, की 16 जानेवारी 1967 रोजी पेडण्यात माझ्या आजोबांनी फुलाला मत दिलं होतं आणि मडगावजवळ त्याच्या आजीने दोन पानांना. फूल म्हणजे गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण. दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश.

आजोबा मराठी शाळेत मास्तर. प्रचारात गावोगाव पायी हिंडलेले. त्या दिवसाबद्दल "आपण हरलो" एवढंच म्हणत. मला मात्र लहानपणापासून कोडं होतं : हरलो, तर मग अडीच महिन्यांत निवडणूक होऊन भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री कसे झाले?

आकडे सरळ आहेत. जनमत कौलात दोन पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170, फरक 34,021. मार्चमध्ये विधानसभेच्या 30 जागांपैकी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोला 16 आणि जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला 12. मतदार तेच! आमच्या धंद्यात म्हणतात तसं, डेटा तोच. क्वेरी बदलली की रिपोर्ट बदलतो.

जानेवारीत सगळा गोवा म्हणजे एकच मतपेटी होती. पेडण्यातलं मत आणि सासष्टीतलं मत एकाच बेरजेत. मार्चमध्ये गोव्याचे 28 तुकडे झाले (उरलेल्या दोन जागा दमण आणि दीवच्या), आणि प्रत्येक तुकड्यात पहिला येईल तो आमदार. आता हे तुकडे कुठल्या जमिनीवर पडले ते पाहा. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या ताब्यात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादी अठराव्या शतकात त्यांच्या हाती आल्या. आमचं पेडणं तर 1788 साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. सासष्टीतले देव पूर्वीच खाडीपलीकडे फोंड्यात नेऊन ठेवलेले. म्हणजे शे-दोनशे वर्षांपूर्वीची राज्याची हद्दच 1963 च्या पहिल्या निवडणुकीत पक्षांची हद्द झाली. मगोचं बळ मुख्यतः नव्या काबिजादीत, युनायटेड गोवन्सचं जुन्या.

इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करताना लायब्ररीत मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच पंडिताचं 1951 सालचं पुस्तक हाती लागलं होतं. एका जागेसाठी एकच विजेता असला की लढत दोघांत येऊन ठेपते, असं त्याचं म्हणणं. वाचताना मला गोवाच आठवला. गोवा मुक्त करणाऱ्या केंद्र सरकारचा पक्ष काँग्रेस; पण 1963 मध्ये तिला गोव्यात एकही जागा मिळाली नाही! मतांचे ढीग ठिकठिकाणी असलेले दोन पक्ष तरले, सगळीकडे थोडाथोडा असलेला बुडाला. (इथे ओमानात शूरा मजलिसच्या निवडणुका विलायतवार होतात, पण पक्षच नाहीत, उमेदवार आपल्या नावावर उभा राहतो. त्यामुळे हे कोडं इथल्या मित्रांना समजावताना माझी फार तारांबळ उडते.)

अर्थात सगळंच गणित नव्हे. भाऊसाहेबांनी खेडोपाडी शाळा काढल्या, 1964 मध्ये कूळ कायदा आणला. मला वाटतं, त्यांचं सरकार हवं पण मुंबईचं राज्य नको, असं म्हणणारे लोक पुष्कळ असावेत. एकाच प्रश्नाचा कौल निराळा घेतला म्हणून त्यांना दोन्ही मिळालं. विलीनीकरण नुसतं विधानसभेच्या बहुमतावर ठरलं असतं, तर आज माझ्या पासपोर्टवर राज्य महाराष्ट्र असतं. हे आजोबांना मी एकदा सांगून पाहिलं. ते उठून गेले.

विलीनीकरणाचा प्रश्न मिटला तसे दोन्ही पक्षांच्या पायाखालची वाळूही सरकली. युनायटेड गोवन्स कधीच संपला. मगोला 2022 मध्ये 40 पैकी 2 जागा मिळाल्या.

यंदा 16 जानेवारीला मित्राच्या घरी दोदोल केला होता. मी दोन तुकडे खाल्ले आणि एक डब्यात घेऊन आलो. आजोबा असते तर काय म्हणाले असते, देव जाणे.