वलगावचा शोध : वऱ्हाडातील ग्रंथालय आणि संशोधनशिक्षण

पदव्युत्तर विद्यार्थ्यास संशोधनाची पहिली दीक्षा ग्रंथालयात मिळावी, ह्याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो ती कशी द्यावी ह्याविषयी. दशांश वर्गीकरण, तालिका व देवघेव ह्यांचे नियम सांगितले म्हणजे काम आटोपले, अशी एक समजूत आढळते. वऱ्हाडपुरती तरी ती अपुरी आहे. येथील साधने ज्या नावांखाली साठली ती नावेच शंभर वर्षांत अनेकदा बदलली. हा बदल ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यापुढे उत्तम तालिकाही मुकी राहते. मग तो ‘साधने उपलब्ध नाहीत’ असे लिहून मोकळा होतो, आणि गावाचा इतिहास ऐकीव गोष्टींवर उभा राहतो.

अमरावतीजवळचे, पेढी नदीकाठचे वलगाव उदाहरणादाखल घेऊ. ह्या परिसराविषयी खानेसुमारीची साधने शोधा, एवढाच प्रश्न विद्यार्थ्यापुढे ठेवावा. १९०१ सालापर्यंत त्यास वऱ्हाडचा स्वतंत्र अहवाल पाहावा लागेल. १९११ पासून मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५१ ला मध्य प्रदेश आणि १९६१ ला महाराष्ट्र. गाव जागचे हलले नाही. राज्ये मात्र त्याच्यावरून सरकत गेली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे आला, परंतु कारभार हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत चाले. १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. म्हणजे एकाच गावाच्या कागदांसाठी हैदराबाद, नागपूर व मुंबई अशी तीन दारे ठोठावणे आले. गॅझेटिअरांचीही तीच गत : लायलचे १८७० चे संपूर्ण वऱ्हाडचे, १९११ चे मध्यप्रांताच्या मालेतील, आणि १९६८ चे महाराष्ट्र शासनाचे. यादव माधव काळे ह्यांचा १९२४ चा ग्रंथ ‘वऱ्हाड’ ह्या नावाखाली सापडेल, इंग्रजी साधने ‘बेरार’खाली. अमरावती जुन्या इंग्रजी लेखनात ‘उमरावती’ होते; लिव्हरपूलच्या बाजारात येथल्या कापसास ‘ऊमरा’ म्हणत, ते त्यावरूनच. संगणकावर शोध घेणाऱ्यास तर हे अधिकच जपले पाहिजे, कारण यंत्रास अक्षरे कळतात, अपभ्रंश कळत नाही.

भाषाभ्यासकाची अडचण ह्याहून सूक्ष्म आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला, वाशीमची वाटणी झाली व वणीचा जिल्हा यवतमाळच्या नावाने ओळखला जाऊ लागला. खंडातील सामग्री अर्थात त्यापूर्वी जमविलेली. तेथील ‘अमरावती जिल्हा’ आजच्या जिल्ह्याशी ताडून वऱ्हाडी बोलीविषयी विधाने करणे म्हणजे दोन भिन्न क्षेत्रांची तुलना करणे होय. बोलीत बदल झाला की सीमेत, हा प्रश्न नकाशा उघडल्यावाचून सुटत नाही.

वलगावचे नाव महाराष्ट्रास परिचित झाले ते गाडगेबाबांमुळे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असता त्यांनी येथे देह ठेवला. वऱ्हाड मुंबई राज्यात येऊन तेव्हा सातच आठवडे झाले होते. ह्या घटनेचा शोध विद्यार्थ्यास दिला की तो प्रथम चरित्राकडे वळतो, आणि प्रबोधनकार ठाकरे ह्यांचे चरित्र हाती आल्यास त्यात शेवटचा दिवस मिळत नाही. ते १९५२ चे. चरित्रनायक तेव्हा हयात होते. मुखपृष्ठामागील प्रकाशनवर्ष वाचण्याची सवय लावण्यास ह्याहून सोपा धडा मला ठाऊक नाही. पुढे त्या आठवड्याची वृत्तपत्रे, नंतरची चरित्रे, आणि त्यांतील कोणते वर्णन प्रत्यक्षदर्शीचे व कोणते उतरून घेतलेले ह्याची छाननी असा क्रम लागतो. चरित्र, धर्म व समाजसुधारणा अशा तीन कपाटांत बाबा विखुरलेले असतात, हेही तो वाटेत शिकतो.

शंकर गणेश दाते ह्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ ह्या कामी अपरिहार्य आहे. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ ह्या काळातील ग्रंथांचा, दुसरा १९५० पर्यंतचा. तेव्हा १९५२ चे उपर्युक्त चरित्र तीत न सापडणे हा सूचीचा दोष नव्हे. प्रत्येक सूचीची कालमर्यादा आधी टिपावी. म्हणून विद्यार्थ्याकडून निबंधासोबत शोधाची वहीही मागावी : कोणत्या नावाखाली पाहिले, कोणत्या वर्षापर्यंत पाहिले, आणि कोठे काही मिळाले नाही.