जोर आणि जोर सोसणारे

यंत्रांचा इतिहास आपण बहुधा इंजिनांचा इतिहास म्हणूनच वाचतो. कोणी किती अश्वशक्तीचे इंजिन केले, कोणत्या साली केले, त्याने किती वेग गाठला, एवढे सांगितले की इतिहास सांगून झाला असे आपल्याला वाटते. पण इंजिनात निर्माण झालेला जोर चाकापर्यंत आपोआप पोचत नाही. मध्ये क्लच असतो, गिअरपेटी असते, प्रोपेलर शाफ्ट असतो, क्राऊन-पिनियन असते आणि शेवटी एक्सल असतो. ही सारी मंडळी तो जोर मुकाट्याने वाहत असतात. जुन्या यंत्राला नवे दांडगे इंजिन बसवले म्हणजे त्यांच्यावर काय प्रसंग येतो, आणि जाणत्या कारागिरांनी त्यातून वाट कशी काढली, हा आजचा विषय आहे.

आपल्या कोडोलीकरांना याचे पहिले उदाहरण शोधायला लांब जायला नको. या भागातल्या गुऱ्हाळांवर एके काळी बाभळीच्या लाकडाचा चरक असे. त्याच्या उभ्या रुळांना लोक नवरा-नवरी म्हणत. बैल गोल फिरत आणि मिनिटाला दोनतीन फेऱ्यांच्या गतीने ऊस पिळला जाई. पुढे लोखंडी चरक आले. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही ते केले. त्यांनाही आरंभी बैलच जुंपलेले असत. मग ऑइल इंजिन आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांनी ते स्वतः ओतून, कातून उभे केले. म्हादबा मेस्त्रींचे नाव त्या परंपरेत आजही आदराने घेतले जाते.

इंजिन मिनिटाला शेकडो फेरे घेते, चरकाला तर मोजकेच फेरे हवेत. म्हणून मध्ये पट्टा आणि दातेरी चक्रे आली. वेग उतरवला की पीळ वाढतो, हा यंत्राचा साधा नियम. बैलांच्या हिशेबाने ओतलेल्या चक्राला इंजिनाचा पीळ दिला तर दात मोडणारच. त्यामुळे इंजिनावर चालणारा चरक मुळातच निराळा घडवावा लागला: रूळ आडवे, दात रुंद, शाफ्ट जाड, बैठक भक्कम. परंतु याहून मोठा फरक दुसराच होता. चरकात काही अडकले की बैल थबकतो. माणसाने आरोळी दिली तरी थबकतो. इंजिनाला कान नाहीत. चरकात हात गेलेल्या माणसाच्या बाबतीत बैल आणि इंजिन यांतले अंतर म्हणजे बोट आणि खांदा यांतले अंतर होय. त्या चरकात थोडीफार दया होती ती पट्ट्याला. भार फार झाला की तो घसरायचा किंवा उतरायचा, आणि चक्राचे दात वाचायचे.

दुसरे उदाहरण जीपचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीप मोठ्या संख्येने बाजारात आल्या, आणि पुढे महिंद्रांनी मुंबईस माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धातल्या त्या जीपचे पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचा पीळ, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात तो, सुमारे साडेचौदा किलोग्रॅम-मीटर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साडेचौदा किलो वजन टांगले तर जेवढा पीळ बसेल तेवढा हा पीळ. हा आकडा लहान वाटेल. पण ओढीच्या सर्वांत हलक्या गिअरात ही जीप तो पीळ गिअरपेटी, ट्रान्स्फर केस आणि क्राऊन-पिनियन या तिघांतून मिळून पंचवीसपटीहून जास्त वाढवते. म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलांवर मिळून सुमारे ३७० किलोग्रॅम-मीटर! गाडीचे सगळे अवयव या हिशेबाने घडवलेले होते.

१९७३ साली जगात तेलाचे भाव भडकले. पेट्रोलची गाडी पोसणे अवघड झाले आणि आपल्याकडच्या गॅरेजांत पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवण्याचे काम जोरात चालू लागले. डिझेल इंजिनाने दीडपट पीळ दिला, तर वरचा ३७० चा आकडा साडेपाचशेवर जातो. शिवाय डिझेलचा स्वभावच निराळा. त्या जीपच्या पेट्रोल इंजिनात वायू साडेसहापट दाबला जात असे. डिझेलमध्ये तो सोळापट किंवा त्याहूनही अधिक दाबतात. पेट्रोल ढकलते, डिझेल घण घालते. सरासरी पीळ तेवढाच असला तरी या घणांनी क्लचच्या स्प्रिंगा, क्रॉस आणि पिनियनचे दात लवकर शिणतात.

आता साहेबाच्या देशात पाहू. इंग्लंडातील थेम्स डिटन येथे एसी नावाचा छोटा कारखाना ‘एस’ ही हलकी दोन आसनी शर्यतीची गाडी करीत असे. तिला दोन लिटरचे ब्रिस्टल इंजिन मिळेनासे झाले, तेव्हा अमेरिकेतील शर्यतपटू कॅरोल शेल्बी याने तिच्यात फोर्डचे आठ सिलिंडरांचे, सुमारे सव्वाचार लिटरचे इंजिन बसवण्याची कल्पना काढली. १९६२ साली त्यातून ‘कोब्रा’ जन्मली. जग शेल्बीचे नाव घेते, इंजिनाचे घेते. मागचे जुने डिफरन्शियल हा पीळ सोसणार नाही हे ओळखून तेथे जग्वार गाड्यांत वापरले जाणारे सॅलिसबरीचे भक्कम डिफरन्शियल बसवले, त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. १९६५ साली त्याच गाडीत सात लिटरचे इंजिन घातले, तेव्हा चासीच्या तीन इंची नळ्याही पुरेनात. त्या चार इंची कराव्या लागल्या.

१९६४ साली रूट्स कंपनीने आपल्या ‘सनबीम अल्पाइन’ गाडीत तसलेच फोर्ड इंजिन घालून ‘टायगर’ काढली. मूळच्या चार सिलिंडरी इंजिनाच्या अडीचपटीहून अधिक, म्हणजे साडेपस्तीस किलोग्रॅम-मीटरच्या वर, पीळ आला. म्हणून गिअरपेटी बदलली, मागचा एक्सल भक्कम घातला, तो आडवा सरकू नये म्हणून एक तिरपा दांडा दिला, आणि जागा पुरेना म्हणून स्टिअरिंगची रचनाही बदलली. इंजिन एक बदलले. अवयव किती बदलले ते मोजून पाहावे.

हे काम नीट करणारा कारागीर कसा चालतो? तो आधी सबंध साखळी मोजतो. कारण क्लच भक्कम केला की गिअरपेटी बोलू लागते, गिअरपेटी बदलली की क्रॉस मोडतो, क्रॉस मोठा घातला की पिनियनचे दात जातात. दुबळेपणा नाहीसा होत नाही, पुढच्या घरी राहायला जातो. नव्या इंजिनाला जुनी गिअरपेटी जोडताना मधली प्लेट बरोबर मध्यावर बसली नाही, तर पेटीचे तोंडचे बेअरिंग काही दिवसांत खडखडते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे नसतील तर गाडी थरथरते. एक्सल साध्या लोखंडाचा कातून चालत नाही. मिश्र पोलाद लागते, त्याला पाणी द्यावे लागते, आणि जाडी जेथे बदलते तेथे कोपरा गोल ठेवावा लागतो, कारण चीर तीक्ष्ण कोपऱ्यातच जन्म घेते. एवढे करूनही जाणता मेस्त्री एक अवयव मुद्दाम थोडा मऊ ठेवतो. चरकाला जसा पट्टा, तसा गाडीला क्लच. अतिभार आला तर स्वस्तातली वस्तू घसरावी, महागातली मोडू नये, आणि माणसाला इजा तर मुळीच होऊ नये.

मी विशीत असताना एका गॅरेजात जीपला डिझेल इंजिन चढवले होते. मेस्त्रीने मालकाला सांगितले की शाफ्टचा पुढचा क्रॉस जुना आहे, तो बदला; निदान शाफ्टभोवती लोखंडी कडे बसवा, म्हणजे क्रॉस तुटला तरी शाफ्ट खाली पडून उसळणार नाही. मालक म्हणाला, “कड्यानं गाडी पळत नाही.” चढावर क्रॉस तुटला. फिरता शाफ्ट तळाचा पत्रा फोडून वर आला आणि शेजारी बसलेल्या पोराच्या पायाचे हाड मोडले. मालकाने दोष चालवणाऱ्याला दिला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली त्या पोराचे पैसे मिळवताना आम्हांला जेवढ्या खेपा घालाव्या लागल्या, तेवढ्या लोखंडात शंभर कडी झाली असती. तेव्हा मला उमगले की त्या गाडीत मऊ ठेवलेला अवयव क्लच नव्हता, ते पोर होते.

परवानगीवाचून गाडीचे इंजिन बदलू नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. लोकांना ती कटकट वाटते. मला त्यात त्या पोराचा पाय दिसतो. पण कागदावर शिक्का बसल्याने क्रॉस भक्कम होत नाही. तो कोणी तरी वाकून पाहावा लागतो.

कारखान्यांतही निराळे घडत नाही. नवे यंत्र येते, उत्पादन दुप्पट होते, त्याचा समारंभ होतो. पाळीवरची माणसे तेवढीच राहतात आणि यंत्राची जाळी “नंतर बसवू” म्हणून राहून जाते. संघटनेत इतकी वर्षे काढल्यावर कोणत्याही नव्या यंत्रापाशी मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की जोर वाढला, आता तो सोसणारे कोण?

गळिताच्या दिवसांत वारणेच्या कारखान्याकडे जाणारी उसाची रांग आपण सारे पाहतो. ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा जोरकस झाले, मागे एकाऐवजी दोन ट्रॉल्या आल्या. त्यांची जोडाची पिन कोणत्या हिशेबाची आहे, ट्रॉलीला ब्रेक आहे का, हे विचारणारे फार थोडे. ही व्याख्यानमाला आटोपून घरी जाताना वाटेत अशी एखादी ट्रॉली उभी दिसली, तर इंजिनाकडे न पाहता जरा वाकून तिची पिन पाहावी, आणि ड्रायव्हरला ती शेवटची कधी बदलली हे विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.