पावलांतून गेलेले न्यूट्रिनो

मे २०१२. जिनिव्हाजवळ सर्नच्या आवारात, जमिनीखाली खूप खोलवर तुम्ही टीआय-१२ नावाच्या बोगद्यात उभे आहात. बीम चालू असताना इथे माणसाला मज्जाव असतो, पण पुढच्या काळातून आलेल्याला कोण अडवणार? ही वाट ज्याच्यासाठी होती ते एलईपी हे जुनं कणयंत्र २००० साली बंद झालं, तेव्हापासून ही वाट निकामी पडून आहे.

इथून ४८० मीटरवर ॲटलास या कणशोधक यंत्राच्या पोटात प्रोटॉन एकमेकांवर आदळताहेत. जगाचे डोळे तिकडे लागलेत. हिग्स बोसॉनची घोषणा दोन महिन्यांवर आली आहे. तुम्ही मात्र इथेच थांबा. टकरीतून निघणारे असंख्य कण आडवे फुटतच नाहीत, बीमच्याच दिशेने सुसाट निघतात. ॲटलास कितीही अजस्र असला तरी बीमच्या नळीसाठी त्याला वाट मोकळी ठेवावीच लागते, आणि हे कण नेमके तिथूनच निसटतात. त्यांतल्या पायॉन-केऑनचं वाटेतच विघटन होतं आणि न्यूट्रिनो जन्मतात. पुढचे चुंबक प्रोटॉनांना वळवून कोलायडरच्या, म्हणजे टकरी घडवणाऱ्या यंत्राच्या, २७ किलोमीटरच्या कड्यात ठेवतात. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही. तो वळत नाही. खडक आणि काँक्रीट पार करून तो थेट इथे येतो. त्याची रेषा जमिनीलगत जाते, म्हणून तो तुमच्या पावलांतून जातो. दर सेकंदाला असे हजारो. तुम्हाला काहीच जाणवत नाही.

द रुहुला आणि रुकल या शास्त्रज्ञांनी १९८४ सालीच अशा न्यूट्रिनोंबद्दल लिहिलं होतं. तरी या रेषेत आज एकही उपकरण नाही, याची मला फार हळहळ वाटते. न्यूट्रिनोसाठी पाताळात उतरण्याचं वेड आपल्याला तरी नवं नाही: १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी ब्रिटिश आणि जपानी सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते. पण माणसाने बनवलेल्या सर्वांत शक्तिशाली टकरींतले न्यूट्रिनो मात्र तुमच्या डोळ्यांदेखत वाया चाललेत.

नऊ वर्षं पुढे या. मार्च २०२१. ज्या जमिनीवर तुम्ही उभे होता ती आता खोदलेली आहे, कारण उपकरण नेमकं त्या रेषेवर बसायला हवं. त्याचं नाव फेझर. लांबी जेमतेम सात मीटर. माग काढणारे सिलिकॉनचे पट्टे ॲटलासच्या शिलकी साठ्यातले, ऊर्जामापकाचे ठोकळे एलएचसीबी प्रयोगाकडचे. दुसऱ्यांच्या सुट्या भागांतून इतकं नेमकं यंत्र उभं करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

जुलै २०२२. टकरी पुन्हा सुरू झाल्या, ऊर्जा १३.६ टीईव्ही. फेझरच्या तोंडाशी बसलेल्या पहारेकरी पट्ट्यांकडे नीट पाहा. विद्युतभार असलेला कण आला तर तिथे प्रकाश चमकतो. आत्ता तिथे काहीच चमकलं नाही, आणि तरीही मागच्या सिलिकॉनमध्ये म्युऑन या विद्युतभारित कणाची लांब, सरळ रेघ उमटली! म्हणजे आत शिरताना तो म्युऑन नव्हताच. न्यूट्रिनो आला, उपकरणातल्या टंगस्टनच्या अणुकेंद्रावर आदळला आणि म्युऑन बाहेर पडला.

मार्च २०२३ मध्ये इटलीतल्या ला थुईलच्या परिषदेत आकडा जाहीर होतो: अशा १५३ घटना. कोलायडरमधले न्यूट्रिनो प्रथमच निर्विवादपणे दिसले. ज्याच्या शोधासाठी फेझर मुळात सुचलं तो 'डार्क फोटॉन' हा कल्पित कण मात्र मिळालेला नाही. पहारेकऱ्यांना चुकवून आत आलेला तो कण फेझरच्या पोकळीतच फुटून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी देईल, अशी अपेक्षा होती. हे न सापडणंही कामाचं आहे: तो कण कुठे नाही, याचा नकाशा त्यामुळे भरत जातो.

आता जपानमध्ये नागोया विद्यापीठात या. फेझरमधल्या टंगस्टनच्या पत्र्यांमध्ये रचलेल्या इमल्शनच्या फिल्म विकसित होऊन इथे येतात आणि यंत्र एकेक रेघ वाचतं. २०२४ पर्यंत त्यांच्या एका लहान भागातच चार इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो आणि आठ म्युऑन-न्यूट्रिनो ओळखले गेलेत. तिसऱ्या जातीचा, टाऊ न्यूट्रिनोचा शोध चालू आहे. त्याच्या टकरीतून निघालेला टाऊ कण काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाऊन फुटतो, आणि तिथे रेघेला बाक येतो. तो बाक शोधत पुढची फिल्म भिंगाखाली सरकते आहे.