भुकेच्या मुलखातील उपवास

तेलंगणातील मेदकचे भव्य ख्रिस्तमंदिर दुष्काळाच्या दिवसांत उभे राहिले. वेस्लियन मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी पोटासाठी वणवण करणाऱ्या पंचक्रोशीतील लोकांना बांधकामावर घेतले, त्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी मंदिराचे समर्पण झाले. हैदराबाद-सिकंदराबादच्या सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) मंडळ्या मेदक धर्मप्रांतातच मोडतात. लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या अभ्यासाकडे वाचकाला नेताना मी मुद्दाम या वाटेने आलो आहे. ज्यांच्या आजा-पणजांनी लादलेली उपासमार सोसली, त्यांच्या घरात आपखुशीने धरलेल्या उपवासाचा अर्थ काय, हे विचारल्याशिवाय दख्खनमधला लेंट कळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

नव्या वाचकासाठी थोडी ओळख. राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडे) झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात. ईस्टरपर्यंतचे दिवस मोजले तर ते ४६ भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत आणि चाळीसच उरतात. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण. ईस्टरची तारीख चंद्रावर अवलंबून असल्याने सारा काळ दरवर्षी मागेपुढे सरकतो.

इतिहासात मात्र थोडे रेंगाळायला हवे. ३२५ सालच्या नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख ओझरता, सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीचा करावा तसा येतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री जेरुसलेमला गेली. तिने लिहून ठेवले आहे की ईस्टरला बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांना या आठवड्यांत रोज शिकवण दिली जाई. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांची ती शाळा होती, आणि जुनी मंडळी त्यांच्यासोबत पुन्हा शिष्य होत. ज्या मुलखात कुटुंबेच्या कुटुंबे गेल्या दीड शतकात ख्रिस्ती झाली, तिथे ही जुनी हकिकत फार जवळची वाटते.

आजच्या हैदराबादेत लेंट एका साच्याचा नाही. कॅथलिकांना राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) एकभुक्त राहण्याचा व दर शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम आहे. केरळातून आलेल्या सिरियन ऑर्थोडॉक्स कुटुंबांचा उपवास सोमवारीच सुरू होतो. तो अधिक लांब आणि अधिक कडक. बाप्टिस्ट परंपरेत मुळात हा काळच बंधनकारक नव्हता. सीएसआय मंडळ्यांत खाण्यापिण्याचे प्रत्येकाने आपले ठरवायचे. तिथे भर असतो तो घरोघरच्या ध्यानसभांवर. आज या घरी, उद्या त्या घरी. चटया अंथरायच्या, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कीर्तने म्हणायची, शास्त्रपाठ वाचायचा, आजाऱ्यांसाठी आणि बेकारांसाठी नावे घेऊन प्रार्थना करायची. या सभांचे दप्तर कोणी ठेवत नाही, म्हणून अभ्यासकांच्या नजरेतून त्या निसटतात. माझ्या मते दख्खनी लेंटचा गाभा तिथेच आहे.

आणि भुकेचा प्रश्नही तिथेच सुटताना दिसतो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात संदेष्टा उपवास करणाऱ्यांनाच फैलावर घेतो: मजुरांना पिळून काढणाऱ्यांचा उपवास देवाला नको, जोखड मोडा, भाकरी भुकेल्याशी वाटून खा. सुखवस्तू माणसाला हा अध्याय टोचतो. भूक भोगलेल्या घरात तो धीर देतो, कारण तिथे देव भुकेल्याच्या बाजूने बोलतो. स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ देवाच्या नावाने बाजूला काढण्याची रीत अशा घरांत आढळते, तेव्हा तिच्याकडे केवळ वर्गणी म्हणून पाहू नये. आपल्याकडेही देण्याजोगे काही आहे, हे ती मूठ सांगते.

या शहरात उपवास शेजाऱ्याचाही असतो. २०२५ साली रमजान २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला आला. एकाच गल्लीत दोन्ही व्रते चालू होती. सारखेपणा पाहून हरखून जाणे सोपे आहे, पण अभ्यासकाने फरकही जपावेत. रोज्यात दिवसाचे निर्जळ कडकपण आणि सूर्यास्ताला एकत्र सुटणारा उपवास आहे. एकादशीला तिथीचे बंधन आहे. लेंटमध्ये अन्नाचा नियम परंपरेगणिक वेगळा, पण सगळी वाट क्रूसाकडून ईस्टरकडे जाणारी. १९७१पासून हैदराबादेत असलेल्या हेन्री मार्टिन संस्थेने ख्रिस्ती-मुस्लिम परस्परसमजाचे काम जोपासले आहे. तुलनेची शिस्त शिकायची तर अशा ठिकाणी बसावे.

मराठी वाचकाने या विषयाला परका मानण्याचे कारण नाही. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १६१६ साली राचोलला छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या दुसऱ्या भागात येशूच्या यातना ओवीतून येतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी भक्तीचा अभंग ख्रिस्ताकडे वळवला. तेलुगूत हेच काम त्यांच्या आधी पुरुषोत्तम चौधरी (१८०३–१८९०) यांनी केले. त्यांची कीर्तने देशी रागतालांत बांधलेली आहेत आणि आजही गायली जातात. टिळक आणि चौधरी यांना शेजारी ठेवून वाचणारा, दोन्ही भाषा जाणणारा अभ्यासक या क्षेत्राला हवा आहे. त्याने ग्रंथालयाबरोबर त्या चटईवरही बसावे. पदे म्हणणाऱ्या बायकांना विचारावे की ही चाल कोणाकडून आली, हे कडवे का गाळता, आणि या चाळीस दिवसांत घरात नेमके काय शिजते.