प्रतबंदी ते मृदा आरोग्य पत्रिका : तुळजापूर परिसराच्या संदर्भात

मराठवाड्यातील शेतकऱ्याकडे जमिनीची पारख सांगणारे बहुधा दोन कागद असतात. एक सातबारा, ज्यावरील आकाराचे मूळ जुन्या प्रतबंदीत आहे. दुसरा मृदा आरोग्य पत्रिका. प्रस्तुत लेखात या दोहोंमागील दृष्टीचा विचार बालाघाटावरील तुळजापूर तालुक्याच्या संदर्भात केला आहे.

गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने स्थिरावली. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती म्हणजे १६ आणे. सर्वांत हलकी नववी प्रत २ आण्यांची. चुनखडी, रेती, उतार, वाहत्या पाण्याचा मारा असा दोष आढळला की प्रत एकेक पायरी खाली येई. प्रयोगशाळेविना केलेली ही पारख, माझ्या मते, आजही आदरास पात्र आहे. तुळजापूरचा परिसर निजामाच्या राज्यातील. १८५३ ते १८६० या काळात तो इंग्रजी अमलाखाली होता व प्रारंभी नळदुर्गास मेडोज टेलर हे अधिकारी होते. ('तारा' या कादंबरीत तुळजापूर आणणारे तेच.) पुढे सालारजंग यांच्या सुधारणांच्या ओघात मुंबईच्या धर्तीची मोजणी हैदराबाद राज्यात आली.

मात्र ही पारख साऱ्यासाठी होती. फेरजमाबंदीत दर बदले. प्रत सामान्यतः कायम मानली जाई. माती वाहून जाते, याची दखल घेण्याचे त्या व्यवस्थेस कारण नव्हते.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरतगड येथे आरंभ झालेल्या पत्रिका योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांसह १२ घटक तपासण्याची व त्यानुसार खतमात्रा सुचविण्याची तरतूद झाली. परंतु मूळ निकषानुसार कोरडवाहू क्षेत्रात १० हेक्टरांच्या चौकटीस एक नमुना. बालाघाटावर तेवढ्यात ओढ्याकाठची भारी जमीन आणि वरचे मुरमाड बरड, दोन्ही येऊ शकतात. शिवाय नमुना वरच्या थरातला. खाली माती आहे की मुरूम, हे त्या १२ घटकांत नाही. पावसाने ओढ दिली की सोयाबीन आधी करपते ते उथळ जमिनीवर, कारण ओल धरणारी खोलीच तेथे नसते. अशा जमिनीत बांधबंदिस्ती, शेणखत, उतारास आडवी पेरणी व तुरीचे आंतरपीक यांना खतमात्रेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व द्यावे लागते.

ज्या गावांच्या प्रतबंदीतील खोलीच्या नोंदी उपलब्ध होतील, तेथे त्याच सर्व्हे नंबरांत पुन्हा खड्डे घेतल्यास मधल्या काळात किती माती गेली याचा अंदाज बांधता येईल. इतिहास व कृषी या विभागांनी मिळून करण्याजोगे हे काम आहे, आणि त्यास कुदळ, फावडे व मोजपट्टी यांपलीकडे फारसे काही लागत नाही.